ट्रॅक्टरचे वेड आणि रोजची कामे: तीन वर्षांच्या आतल्या मुलाला कसे शिकवावे?

प्रश्न : ऊसपट्ट्यातली आई

नमस्कार. आम्ही कोल्हापूरजवळ, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून राहतो. माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. गळीत हंगाम सुरू झाल्यापासून त्याला उसाच्या ट्रॅक्टरशिवाय दुसरे काही सुचत नाही; दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लांबून येताना ऐकू आला, की तो भरल्या ताटावरून उठून फाटकाशी धावतो. रोजच्या कामांत मात्र त्याचे अजिबात लक्ष नसते. चप्पल घालायची म्हटले की पाय पुढे करून बसून राहतो, सदरा घालताना हात सैल सोडतो आणि साबण पाहिला की रडारड सुरू करतो. 'हात धुतलेस तर मोबाइलवर ट्रॅक्टर दाखवते,' असे सासूबाई सांगतात आणि त्याने काम होतेही. पण आता मोबाइल दिसल्याशिवाय तो मोरीकडे फिरकतच नाही. हे वेड कमी करावे, की त्याचाच उपयोग करून घ्यावा?

उत्तर : निवृत्त बालवाडी शिक्षिका, राजारामपुरी

ताई, वेड कमी करण्याच्या फंदात पडू नका. फक्त त्याची जागा बदला. आज ट्रॅक्टर हा हात धुण्याचा मोबदला झाला आहे, तो हात धुण्याच्या कामातच आला पाहिजे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीच्या वयाच्या, चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बक्षीस आधी कबूल करून ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, ती मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळू लागली. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांत मात्र तसे झाले नाही. हा प्रयोग आवडत्या कामाविषयीचा आहे, त्यामुळे साबणासारख्या नावडत्या गोष्टीला तो जसाच्या तसा लावू नये. तरीही मुलाचे लक्ष कामावरून उडून मोबदल्यावर बसते, हे तुमच्या घरी दिसतेच आहे.

खेळण्यातला ट्रॅक्टर अंगणातल्या चिखलात मनसोक्त फिरू द्या आणि मग साबणाच्या पाण्याची बादली व जुना ब्रश देऊन तो त्यालाच धुवायला सांगा. चाकाच्या खाचांत अडकलेली माती तो बोटाने उकरून काढील, तेव्हा तळहात आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत फेस आपोआप पोहोचलेला असेल. साबणाची भीती गेली, की जेवणाआधी 'ड्रायव्हरसाहेब, हात दाखवा' एवढे पुरते.

चप्पल तर आणखी सोपी आहे, कारण ट्रॅक्टर पाहायला फाटकाबाहेर जायचे तर ती खरोखरच लागते. मात्र आवाज आल्यावर घाई करू नका; ट्रॅक्टरच्या वर्दळीच्या वेळेआधीच पायरीवर निवांत बसा. पाय आत सरकवून द्या आणि टाचेचा पट्टा ओढायचे शेवटचे काम त्याच्यावर सोडा, म्हणजे 'मी घातली' हे समाधान त्याला मिळेल. रस्त्यावर हात धरणे हा नियम मात्र कधीही मोडायचा नाही.

उत्तर : गंगावेशीतला बाबा

आमच्या मुलीला म्हशींचे वेड होते. बाटली सोडायला ती तयार नव्हती. पण आमच्याकडे दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून लोकांना तिथेच दुधाचे पेले देतात, ते पाहून तिलाही पेलाच हवा झाला. अर्थात तिला दूध घरी उकळून, कोमट करूनच दिले. पेला स्टीलचा, लहान, आणि दूध तळाशी दोन बोटे, म्हणजे सांडले तरी कुणाचा जीव वरखाली होत नाही. पुढे म्हशी मागे पडल्या आणि रिक्षांचे वेड आले, पण पेला सुटला नाही. त्यामुळे हंगाम संपल्यावर काय, ही काळजी करू नका.

उत्तर : एकत्र कुटुंबातली काकू, कसबा बावडा

मला हे पूर्णपणे पटत नाही. सकाळच्या घाईत, गॅसवर दूध आणि दारात रिक्षा उभी असताना प्रत्येक कामाचे नाटक कोण करणार? शिवाय ट्रॅक्टर नाही तर दात घासणार नाही, अशी नवीच अट उभी राहायची. काही गोष्टी 'करायच्या असतात म्हणून करायच्या', हेही मुलाला कळले पाहिजे.

उत्तर : निवृत्त बालवाडी शिक्षिका

काकू, घाईबद्दलचे तुमचे म्हणणे रास्त आहे. एका वेळी एकच काम निवडावे आणि तेही संध्याकाळच्या सवडीच्या वेळी. सकाळी सरळ आपण उरकून टाकावे. पण हे नाटक नव्हे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये 'बालगृह' नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली, तेव्हापासून पाणी ओतणे, बटणे लावणे, पुसणे ही खरी कामे त्यांच्या पद्धतीत शिक्षणाचा भाग आहेत. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम करताना महागड्या साधनांऐवजी परिसरातल्याच वस्तू वापरल्या. तुमच्या दारातून जाणारा ट्रॅक्टर हेही तसेच साधन आहे.

उत्तर : बालविकास क्षेत्रातील व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे स्वतः जमावीत यासाठी मदत करणारी)

दोन गोष्टींची भर घालते. या वयात कपडे काढणे आधी जमते आणि घालणे नंतर; म्हणून सदऱ्याची सुरुवात काढण्यापासून करावी आणि बटणांची अपेक्षा इतक्यात ठेवू नये. मोबाइलबाबत, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सर्व पडदे मिळून दिवसाला जास्तीत जास्त एक तास, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मर्यादा आहे.

एखाद्या गोष्टीचे जबर वेड हे स्वतः काळजीचे कारण नसते. ट्रॅक्टर दिसल्यावर तो तुमच्याकडे वळून बोटाने दाखवतो का, हे पाहावे. तो नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, काहीही बोटाने दाखवत नसेल, किंवा ट्रॅक्टरशी न खेळता केवळ चाकेच फिरवत बसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतही मुलांची तपासणी करते. ते कधी येते, हे अंगणवाडीसेविकांना विचारून ठेवा.