रोबोटिक्सचे किट: एक मोठे घ्यावे की लहान सहा?

सत्तरीच्या बाई

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये एकवीस वर्षे विज्ञान शिकवते. आमच्याकडे पाचवीला येणारी बहुतेक मुले गावच्या सरकारी मराठी शाळेतली. आमचा एक माजी विद्यार्थी बोटीवर असतो. यंदा गणेश चवथीला घरी आला तेव्हा शाळेत येऊन 60 हजार रुपये दिले आणि म्हणाला, "बाई, मुलांना रोबोटिक्सचे काहीतरी आणा."

राज्याच्या केअर्स योजनेमुळे सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आले, त्यातून मुलांची कॉम्प्युटरची भीड चेपली आहे. आता प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी पडावे असे मला वाटते. एक विक्रेता येऊन गेला. त्याच्या पेटीतला रोबो टेबलावर नाचला, मुलांनी टाळ्या पिटल्या. पेटीची किंमत 48 हजार. पण माझ्या आठवीत 38 मुले आहेत आणि पेटी एक! बाकीच्यांनी नुसत्या टाळ्याच वाजवायच्या का?

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे. मागे शाळेला मिळालेले एक किट तीन पावसाळे कपाटातच राहिले. परवा उघडले तर सेलच्या कप्प्यात हिरवट पांढरी बुरशी. पुन्हा तसे होऊ द्यायचे नाही. काय घ्यावे, आणि इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माझ्यासारखीने सुरुवात कुठून करावी?

पेडण्याचे सर

बाई, किट कपाटात का राहते ते आधी सांगतो. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. पेटीवर नंबर पडला की ती कुणाच्या तरी चार्जमध्ये जाते. पोराने मोटर जाळली तर जाब चार्जवाल्याला द्यायचा, म्हणून तो पेटी बाहेरच काढत नाही. त्याचाही दोष नाही.

आम्ही पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठरावच करून घेतला. बोर्ड, म्हणजे ज्यावर प्रोग्राम चालतो ती सर्किटची पाटी, तेवढे डेडस्टॉकला. वायरी, सेन्सर, मोटरी, एलईडी, सेल हे सगळे खर्ची पडणारे सामान, प्रयोगशाळेतल्या ॲसिडासारखे. त्याची वही वेगळी, आणि त्यासाठी दर वर्षी थोडे पैसे राखून ठेवलेले. पहिल्या वर्षी चार सेन्सर जळले. वहीत मुलेच नोंद करतात: "लाल आणि काळी वायर उलट जोडली. वास आला. सेन्सर गेला." पुढच्या वर्गाला मी पहिल्या दिवशी ती वही वाचायला देतो. माझ्या शिकवण्यापेक्षा ती जास्त कामाला येते, हे मनापासून सांगतो.

आता काय घ्यावे. ज्याचा सुटा भाग उद्या बाजारात मिळेल तेच घ्या. लेगोचे माइंडस्टॉर्म्स हे रोबोटिक्सचे किट 1998 पासून जगभरच्या शाळांत होते, 2022 अखेर कंपनीने ते बंद केले. आर्डुइनो हा बोर्ड. तो 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. त्याचा आराखडा सगळ्यांना खुला, त्यामुळे तसे बोर्ड अनेक जण बनवतात आणि एक बंद झाला तर दुसरा असतो. सहावी-सातवीला मात्र मायक्रोबिट हा छोटा बोर्ड बरा. बोर्डावरच 25 दिवे, दोन बटणे आणि हलवले की कळणारा सेन्सर, म्हणजे पहिल्या तासाला एकही वायर लागत नाही. बीबीसीने 2016 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे 10 लाख मुलांना ते फुकट वाटले, तीही साधारण याच वयाची.

माझे मत: सहा मायक्रोबिट, सहा उनो (आर्डुइनोचाच एक प्रकार), उरलेले पैसे सुट्या सामानाला. उनोचे स्वस्तातले बोर्ड घेतलेत तर लॅपटॉपवर सीएच 340 चा ड्रायव्हर, म्हणजे त्या बोर्डावरची यूएसबी चिप लॅपटॉपला ओळखता यावी यासाठीचे सॉफ्टवेअर, आधी टाकून घ्या, नाहीतर पोर्टच दिसणार नाही आणि पहिला तास त्यातच जाईल.

आणि ती बुरशी नव्हे, सेल गळले आहेत. मे महिन्याच्या सुट्टीआधी सगळे सेल काढायचे आणि बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचे. आपल्या पावसात एवढे करावेच लागते.

फोंड्याचा वायरमन

मी शिक्षक नव्हे, पण या विषयावर गप्प बसवत नाही. बाई, तुमच्या मुलांनी यंत्र पाहिलेले नाही असे समजू नका. आमच्या वाड्यावर दर दिवाळीला नरकासुराचा हलणारा पुतळा करतात. भंगारातून गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर आणायची, तिला क्रँक लावायचा, की गोल फिरणे मागे-पुढे होते आणि तलवारीचा हात वरखाली होतो. सातवीतला पोर रात्री दोनला टॉर्च धरून हे बघत असतो. शिगम्याच्या चित्ररथातही हेच. तेव्हा सुरुवात तिथूनच करा. पुठ्ठ्याचा वीतभर नरकासुर, मानेत एक छोटी सर्वो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी. दिवाळी जवळच आहे.

एका ठिकाणी सगळे अडकतात ते आधीच सांगून ठेवतो. गाडी करायची म्हणून 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतात. मोटर सुरू होताना जो करंट ओढते तो ती बॅटरी देऊ शकत नाही. व्होल्टेज बसते, बोर्ड रिसेट होतो, गाडी जागच्या जागी गचके खाते. मुलांना वाटते प्रोग्राम चुकला, आणि ती तासभर तोच तपासत बसतात. मोटरींना वेगळे सेल द्या, बोर्डाला वेगळे, फक्त ग्राउंड, म्हणजे उणे टोक, दोघांचे जोडा. मोटर चालवणारी एल298 ही ड्रायव्हर चिप वापरलीत तर दोनेक व्होल्ट तीच खाते. चार्जिंगचे चार सेल म्हणजे 4.8 व्होल्ट, मोटरीपर्यंत तीनही पोचत नाहीत. सहा लावा.

गळलेल्या सेलचा कप्पा टाकू नका. हातमोजे घालून कापसाच्या काडीने थोडे विनेगर लावा, पांढरे निघते. मग स्पिरिटने पुसून वाळवा.

वाळपईची, सध्या इंजिनिअरिंगला

बाई, मी अशाच हायस्कूलमधून आले, म्हणून एकच मागणे आहे. आमच्या गटात स्क्रू-ड्रायव्हर मुलग्यांच्या हातात असे आणि वही माझ्या, कारण माझे अक्षर चांगले. तीन वर्षे मी निरीक्षणे लिहिली. सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदा धरले ते कॉलेजात. कृपा करून कामे फिरती ठेवा: आज जोडणारी उद्या प्रोग्राम लिहील, परवा वही. आणि हे फळ्यावर लिहून ठेवा, तोंडी सांगितलेले टिकत नाही.

पहिला प्रयोग अंतर मोजण्याचा घ्या. एचसी-एसआर04 सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. जाऊन-येऊन 1 सेंमीला साधारण 58 मायक्रोसेकंद. मुलांना भागाकार स्वतः करू द्या, मग पट्टीने ताडून पाहू द्या. ध्वनीचा धडा तुम्ही शिकवताच, इथे तो हातात येतो. पुढे तोच सेन्सर शाळेच्या पाण्याच्या टाकीवर लावता येईल, वर चढून बघायला नको.

मी दर शनिवारी घरी असते. बोलावलेत तर येईन.

सत्तरीच्या बाई

तुम्हा सगळ्यांचे देव बरें करूं. काल मुख्याध्यापकांशी बोलले. मोठी पेटी नको असे ठरले, सहा-सहाची यादी केली. खर्ची सामानाच्या वहीचा ठराव पुढच्या बैठकीत मांडते आहे. बोटीवरच्या मुलाला मेसेज केला, त्याला ते पटले.

वाळपईच्या बाय, तुझे वाचून मी माझ्या मागच्या वर्षीच्या गटांची यादी काढून पाहिली. पाच गट होते, पाचही वह्या मुलींच्या अक्षरात. येत्या शनिवारी नक्की ये, सकाळी 9 वाजता.

आज मधल्या सुट्टीत ते जुने किट बाहेर काढले. आठवीतल्या दोन मुलींनी विनेगर लावून कप्पा साफ केला. एक पट्टी तुटलीच, तिथे त्यांनी वायर अडकवली. नवे सेल घातले तर दोन मोटरींपैकी एक फिरली. दुसरी का फिरत नाही ते उद्या बघायचे म्हणून दोघी घरी जायला तयार नव्हत्या. बस चुकेल म्हणून मी पाठवले.