गोदावरीचं पाणी: वाटपाचा हिशेब १५ ऑक्टोबरला नको, लावणीआधी करा

पाथरीचा शेतकरी:
जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आणि आमचं शिवार त्याच्या शेपटाकडं. म्हणून हा विषय माझ्यासाठी पोटाचा आहे.

२०२३ आठवा. जायकवाडीचा उपयुक्त साठा निम्म्याच्या आत. ऑक्टोबरअखेर आदेश निघाला: वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडा. मग आंदोलनं, कोर्ट, बैठका. पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. तोवर नदीपात्र कोरडं पडलेलं. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढा, काठच्या मोटारींची वीज तोडा, पोलीस बंदोबस्त लावा. इतकं करूनही पात्रानं जे प्यायचं ते प्यालंच. आणि ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीची वेळ कधीच टळलेली.

२००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम, म्हणजे तूट वरच्या-खालच्या सगळ्यांनी वाटून घ्यायची, मला मान्य आहे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. पण जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानं हिशेबाची तारीख धरली १५ ऑक्टोबर, जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे की नाही ते बघायला. तोवर वर आडसाली (पावसाळ्यात लावायचा) ऊस लागलेला असतो, द्राक्षांची छाटणी चालू असते. माणसानं पैसा ओतल्यावर त्याच्याकडून पाणी मागायचं म्हणजे भांडण ठरलेलंच. खोऱ्याचं नियोजन जुलैत करा. तुटीचं वर्ष दिसलं तर किती एकर ऊस, कालव्याची किती आवर्तनं (पाण्याच्या पाळ्या), हे वर आणि खाली एकदमच जाहीर करा.

निफाडकर:
दादा, तुमच्या शिवाराची अडचण खरी आहे, पण जुलैची सूचना पटत नाही. आमच्याकडं धरणं ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसावर भरतात. जुलैत तूट जाहीर केली, लोकांनी लावणी थांबवली आणि सप्टेंबरात धरणं भरून वाहिली तर त्या वर्षाचं नुकसान कोण देणार? द्राक्षबाग तर लावणीचं पीकही नव्हे. पंधरा वर्षांची बाग एका हंगामासाठी बंद ठेवता येत नाही.

आणि जायकवाडीकडंही बघा की. पसरट धरण, उन्हाळ्यात केवढं पाणी नुसतं वाफ होऊन जातं. मूळ आराखडा आठमाही पिकांचा होता. आज पैठण, गेवराई, माजलगावात कालव्याकाठी ऊसच उभा आहे. आमच्या बागा ठिबकवर आणि तुमचा ऊस मोकाट पाण्यावर, हे कुठलं समन्यायी?

पाथरीचा शेतकरी:
उसाचं कबूल. माझाही दीड एकर आहे. म्हणूनच 'दोन्हीकडं एकदम' असं लिहिलं. बागेला जुलैत हात लावा असं म्हणत नाही. नवीन आडसाली लावणीबद्दल बोलतोय.

संगमनेरच्या जिरायत गावातून:
दोघंही कालव्यावरचे आहात, म्हणून जरा आमचंही ऐका. प्रवरेवरच्या निळवंडे धरणाच्या पाण्यासाठी आमच्या गावांनी पन्नास वर्षं वाट पाहिली. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ ला आणि ३० तारखेला पाणी सोडायचा तो आदेश आला. त्यात निळवंडे ज्यात येतं त्या प्रवरा धरणसमूहाच्या वाट्याला ३.३६ टीएमसी, सगळ्या समूहांत जास्त. माझ्या वडिलांनी चारीत पाणी बघितलं ते वयाच्या सत्तरीत. त्यांना 'तुम्ही वरचे, तुमच्याकडं भरपूर' असं कुणी म्हटलं की काळजात कळ येते. नाशिक-नगर म्हणजे सगळे सधन बागायतदार नव्हेत. वाटप तालुक्याच्या नावावर कराल तर आमच्यासारखे पुन्हा कोरडेच राहतील.

निवृत्त कालवा निरीक्षक:
मी ३१ वर्षं कालव्यावर काढली. माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. जुलै की ऑक्टोबर हा वाद करायला आधी पाणी मोजलेलं लागतं. धरणाच्या दारापाशी आपण दशलक्ष घनफुटात बोलतो आणि चारीवर पोचलो की पाटकऱ्याच्या अंदाजावर येतो. मी होतो त्या भागातले मोजपट्टीचे हौद अर्धेअधिक फुटलेले होते, तरी आकडे दर आवर्तनाला वर जायचेच. नदीतून आणि कालव्याकाठच्या विहिरींतून होणारा उपसा तर हिशेबात धरतच नव्हतो.

मोजता येत नाही असं मात्र नाही. दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण याच खोऱ्यात आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं १९९१ पासून तिथं पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढं सगळा प्रकल्पच संस्थांच्या महासंघानं चालवायला घेतला. पाणी घनमापनानं, म्हणजे मोजून मिळतं. कोटा हातात असला की काय पेरायचं ते शेतकरी स्वतः ठरवतो. विहिरीचं आणि कालव्याचं पाणी एकत्र धरून हिशेब करतात. तिथं कालव्याच्या टेलच्या, शेवटच्या माणसाला पाणी मिळताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

निफाडकर:
वाघाड लहान धरण आहे साहेब. जायकवाडी १०२ टीएमसीचं. तरी कोटा आधी कळावा हे मान्य, तेवढं झालं तर आमची निम्मी धास्ती जाईल. पण खरा उपाय पश्चिमेला वाहून जाणारं पाणी गोदावरीत आणणं हाच आहे. तूट असेल तिथं वाटून वाटून किती वाटणार?

पेठहून:
ते 'वाहून जाणारं' पाणी आमच्या डोंगरातून जातं. पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही इतका पाऊस आणि एप्रिलमध्ये बाया हंडा घेऊन दरीत उतरतात. पेठ-सुरगाण्यात धरण बांधून, बोगदा खणून पाणी घाटावर चढवायचं ठरवताना आमच्या पाड्यांचा कोटा कितीचा धरलाय? आधी तो आकडा लिहा, मग पुढं बोलू.

पाथरीचा शेतकरी:
पेठच्या ताईंचं किंवा दादांचं म्हणणं मला आधी सुचायला हवं होतं. वरून खाली पाणी मागताना मी जो हक्क सांगतो, तोच त्यांचाही आहे. पश्चिमेकडून वळवलेल्या पाण्यावर पहिला कोटा उगमाच्या गावांचा, हे मी मान्य करतो.

निफाडकर, तुमच्यासाठी सूचना बदलतो. जुलैत आदेश नको, कोष्टक जाहीर करा. १५ ऑगस्टला आणि १५ सप्टेंबरला खोऱ्याचा साठा अमुक असेल तर वर इतकी आवर्तनं, खाली इतकी. आणि सोडायचं पाणी नदी वाहती असतानाच, सप्टेंबरातच सोडायचं, म्हणजे वाटेत कमी मुरेल. ऑक्टोबरात फक्त राहिलेली तूट. याला तुमची हरकत काय?

निफाडकर:
सप्टेंबरात सोडलं आणि परतीचा पाऊस आलाच नाही तर गंगापूर धरणावर अवलंबून असलेल्या नाशिक शहराचं काय, ही हरकत. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढून मग कोष्टक लावणार असाल, तर आकड्यांवर बोलायला मी तयार आहे.