परसबागेत पांढरा कांदा: काळी माती, बोअरचं पाणी. बी कधी टाकायचं?

बेशाचा_वाफा
नागपूरच्या बेसा भागात लेआउटमधलं घर आहे. मागच्या अंगणातला 10 फूट × 4 फुटांचा वाफा उन्हाळ्यात खायच्या पांढऱ्या कांद्यासाठी मोकळा ठेवला आहे. माती काळी आणि चिकट, पाणी बोअरचं. वाफ्याच्या दक्षिणेला लागूनच 5 फुटांची कंपाउंडची भिंत आहे. ऑनलाइन मागवलेलं विलायती पांढऱ्या कांद्याचं पाकीट हाताशी आहे, आणि घरात कोंब फुटलेले थोडे पांढरे कांदेही आहेत. यातलं काय लावू? बी कधी टाकू, किती लागेल, खत किती? जाणकारांनी सांगावं.

कन्हार_माती
भाऊ, आधी वाफ्याची जागा बदला. डिसेंबरात नागपुरात भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण 45 अंशांवरच असतो, म्हणजे भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ भिंतीइतकीच लांब पडते. तुमचा 4 फुटांचा वाफा अख्खा सावलीत जाईल आणि नुसती पात वाढत राहील. भिंतीपासून निदान 6 फूट सोडून वाफा करा. कांद्याला रोज सहा तास तरी थेट ऊन पाहिजे.

विलायती पाकीट बाजूला ठेवा. थंड देशातल्या बहुतेक जाती दिवस 14 तासांचा झाल्याशिवाय कांदा धरत नाहीत, आणि नागपुरातला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्याही आत आहे. आपल्याला लहान दिवसाची जात पाहिजे, जी 11-12 तासांच्या दिवसात पोसते. रब्बीसाठी भीमा श्वेता, फुले सफेद किंवा अकोला सफेद यांपैकी जी मिळेल ती घ्या. भीमा शुभ्रा मात्र खरीप आणि रांगड्यासाठी (उशिरा खरिपासाठी) आहे. पाकिटावरची तारीख नक्की बघा, कारण कांद्याचं बी वर्षभरातच उगवण गमावतं. सुटं, पुडीतलं बी नकोच.

कोंब फुटलेले कांदे लावले तर हिरवी पात मिळेल, मग डेंगळे (फुलांचे दांडे) येतील आणि फुलं धरतील. खायचा कांदा त्यातून होत नाही. पातीसाठी कुंडीत लावून टाका.

रोपवाटिका_हिंगणा
बियाचा हिशेब असा. 15 × 10 सेंमीवर लावलं तर तुमच्या 3.7 चौरस मीटरला साधारण 245 रोपं लागतात. एका ग्रॅममध्ये अडीचशे ते तीनशे बिया असतात, पण सगळ्या उगवत नाहीत आणि थोडं रोप कोलमडतं. म्हणून 2 ग्रॅम बी टाका. उरलेलं रोप पातीला कामी येतं.

बी 15 ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा या काळात टाका. रोप 45-50 दिवसांचं झालं की लावायचं, म्हणजे डिसेंबरात लावण आटोपते आणि मार्च-एप्रिलमध्ये कांदा निघतो. सप्टेंबरात घाई करू नका. रोप जाड होतं, त्यावर डिसेंबर-जानेवारीची थंडी बसते आणि वाफाभर डेंगळे निघतात. पेन्सिलीहून जाड झालेलं रोप लावूच नका, खाऊन टाका. उशीर केला तरी पंचाईतच, कांदा पोसायच्या वेळीच ऊन चढतं आणि तो बारीक राहून मान टाकतो.

रोपासाठी 1 मीटर × 1 मीटरचा, वीतभर उंच गादीवाफा पुरतो. ओळींत 5-7 सेंमी अंतर, बी 1 सेंमी खोल. वर चाळलेलं शेणखत भुरभुरा आणि झारीने पाणी द्या. पाटाने पाणी सोडलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं. रोप बुडाशी पिचून आडवं पडत असेल तर पाणी जास्त होतंय. हात आखडता घ्या, आणि बी टाकण्याआधीच शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

मातीचा_माणूस
काळी माती ओली असताना खणू नका, ढेकळं दगडासारखी होतात. वापसा आल्यावर, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशी झाली की, वीतभर खोल खणा. सपाट वाफा नको, 15 सेंमी उंच गादी करा. कांद्याची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, तिथे पाणी साचलं की कुजतात. नव्या लेआउटमध्ये बांधकामाचा मलबा मातीत असतो. गिट्टी आणि चुन्याचे तुकडे वेचून काढा.

तुमच्या वाफ्याला: कुजलेलं शेणखत 8-10 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 115 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश 30 ग्रॅम, युरिया एकूण 80 ग्रॅम. सुपर फॉस्फेटच्या जागी डीएपी घालू नका. सुपर फॉस्फेटमध्ये गंधकही असतं, आणि कांद्याला ते लागतं. युरिया अर्धा लावणीला, बाकीचा दोन भागांत, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी.

लावताना रोपाचा शेंड्याकडचा तिसरा भाग कापा. रोप फार खोल खुपसू नका, पांढरा भाग जेमतेम झाकला की झालं. खोल लावलेला कांदा लांबट होतो.

रोपवाटिका_हिंगणा
शेंडा कापण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. रोप ताजं उपटून त्याच संध्याकाळी लावत असाल तर कापायची गरज नाही. दुरून आणलेल्या, मलूल झालेल्या रोपाचाच शेंडा कापावा. युरियाचं मात्र अगदी बरोबर. साठ दिवसांनंतर पात पिवळी दिसली तरी नत्र (म्हणजे युरिया) देऊ नका, मान जाड राहते, वाळत नाही आणि तिथूनच कांदा सडतो.

बेशाचा_वाफा
जागा बदलतो. पाणी किती दिवसांनी? आणि शेजारच्या काकू म्हणतात की पांढऱ्यावर कीड जास्त येते, तर फवारणी कुठली?

कन्हार_माती
लावल्यावर लगेच पाणी, तिसऱ्या दिवशी आंबवणी (दुसरं, हलकं पाणी), मग थंडीत 8-10 दिवसांनी आणि फेब्रुवारीनंतर 6-7 दिवसांनी. काळ्या मातीत बोट खुपसून बघा, खाली ओल असेल तर थांबा. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर येत असेल तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. कांद्याला खारं पाणी चालत नाही. थोडं थोडं रोज शिंपडल्याने क्षार वरच साचतात.

काकूंची कीड म्हणजे बहुधा फुलकिडे. पातीच्या बेचक्यात बसून रस ओरपतात, पातीवर चंदेरी चट्टे पडतात. निळे चिकट सापळे लावा, आणि निंबोळी तेल 5 मिली प्रति लिटर, सोबत थोडा साबण. पात मेणचट असते, साबणाशिवाय औषध घरंगळून जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की जांभळा करपा हा पातीचा बुरशीचा रोग येतो. खराब पाती काढा, आणि पसरत असेल तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रति लिटर. हे फवारलं की पात खायची नाही.

मातीचा_माणूस
काढणीकडे लक्ष द्या, पांढरा तिथेच बिघडतो. निम्म्या कांद्यांच्या माना (कांद्यावरचं पातीचं बूड) पडल्या की काढायला तयार. त्याआधी 15-20 दिवस पाणी बंद. मान पायाने मोडायची पद्धत घरी नको, जखमेतून सड शिरते.

काढल्यावर कांदे ओळीत असे ठेवा की एकाची पात दुसऱ्यावर येईल. उघडे ठेवले तर एप्रिलच्या उन्हात भाजतात आणि हिरवट होतात. तीन-चार दिवसांनी 3-4 सेंमी मान ठेवून पात कापा आणि 10-12 दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरा.

लाल कांद्याच्या वरच्या सालीत कॅटेचॉल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल असतं, ते काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रोखतं. पांढऱ्यात ते नसल्यासारखंच, म्हणून तो लालपेक्षा लवकर डागाळतो. मे महिन्याच्या गरमीत काळी बुरशीही येते. प्लास्टिकच्या पिशवीत नको. जाळीच्या पिशवीत, थर कमी ठेवून टांगा आणि आठवड्याला एकदा चाळून बघा. वाफ्यातून नीट पिकला तर 9-11 किलो निघेल. जाड मानेचे आणि जोडकांदे आधी संपवा. खिशात ठेवायचा एखादा वेगळा काढालच, पण लूसाठी पाणी पीत जा, राजेहो.