३३ आठवड्यांचं बाळ: कपाळावरचं कावीळ मोजायचं मशीन ७.८ सांगतं, रक्तात ११.४. खरं काय धरायचं?

सिन्नरकर_बाबा
नमस्कार. मुलगी ३३ आठवड्यांची, जन्मवजन १६४० ग्रॅम. नाशिकला गंगापूर रोडच्या एका खाजगी दवाखान्यात काचेत आहे. तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली म्हणून निळ्या लाइटखाली ठेवलंय. आज पाचवा दिवस. सकाळी सिस्टरांनी कपाळाला टॉर्चसारखं मशीन टेकवलं, ७.८ आलं. आम्ही खूश. मग टाच टोचून रक्त नेलं, तर रिपोर्ट ११.४! मशीन आहे तर त्या एवढ्याशा टाचेला कशाला टोचायचं? बिल फुगवायला तर नाही ना, स्पष्टच विचारतो. त्यात सासूबाईंचं चालू आहे, "घरी आणा, कोवळ्या उन्हात धरा."

इगतपुरीची_ताई
आमचा मुलगा सिव्हिलच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) होता, तिथेही रक्तच घ्यायचे. तिथे बिलाचा प्रश्नच नव्हता, सरकारच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सगळं मोफत. तेव्हा दरवेळी संशय घेऊ नका.

रिटायर्ड_सिस्टर_नाशिकरोड
भाऊ, आधी अभिनंदन. माझी सगळी नोकरी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

मशीन खोटं नाही, पण ते रक्त मोजतच नाही. कातडीवर उजेड टाकायचा आणि परत आलेल्या उजेडावरून पिवळेपणाचा अंदाज बांधायचा, एवढंच त्याचं काम. आणि निळा लाइट आधी उजळवतो ती कातडीच. रक्तातला बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचा पिवळा रंग, सावकाश उतरतो. म्हणून लाइटखालच्या बाळाचं कपाळ फसवं. लाइट बंद करून निदान २४ तास होईपर्यंत त्या आकड्यावर निर्णय घेत नाहीत. काही युनिटमध्ये कपाळाचा किंवा छातीचा तुकडा पट्टीने झाकून तिथेच मोजतात. ते बरं जुळतं, तरी इतक्या लवकर आलेल्या बाळाला शेवटचा शब्द रक्ताचाच.

सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत बरं का! १९५६ मध्ये इंग्लंडच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात न्यायच्या. एका बाळाचं अंग उजळलं, पण चादरीच्या कोपऱ्याखालचा तिकोन पिवळाच राहिला. तिथूनच लाइटची कल्पना निघाली. पण तुमच्या १६४० ग्रॅमच्या लेकीला काचेबाहेर काढून उन्हात धरलं तर ती गारठेल, आणि ऊन किती लागलं ते मोजणार कोण? लाइटचा जोर निदान मीटरने तपासता येतो.

आता ११.४. शेजारच्या पूर्ण दिवसांच्या बाळाला पाचव्या दिवशी १२ असेल तर डॉक्टर बहुधा घरी सोडतील. तुमच्या बाळाला तोच आकडा चालत नाही. ३२-३३ आठवड्यांच्या बाळाला साधारण १० ते १२ लाच लाइट लावतात, २८ आठवड्यांच्या आतल्याला तर ५-६ लाच. लिव्हर कच्चं, बिलिरुबिन धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी, त्यामुळे मेंदूला धोका लवकर. नेटवर तासांप्रमाणे आकडे दाखवणारा जो आलेख फिरतो तो ३५ आठवडे आणि पुढच्या बाळांचा आहे, त्यावर तुमचा आकडा मांडू नका.

नुसत्या नजरेचं तर नावच नको. नाकावर बोट दाबून, कावीळ पोटावर उतरली की तळव्यांपर्यंत गेली, असं आम्हीही बघायचो. पण अशा बाळाची कातडी पातळ, लालसर. आपला सावळा रंग असला की अजूनच अवघड, आणि निळा लाइट चालू असताना तर काहीच कळत नाही.

लॅबवाला_सिडको
सिस्टरांशी सहमत. एक भर घालतो. बिलिरुबिनची नळी फॉइलमध्ये गुंडाळून आली पाहिजे आणि रक्त काढताना लाइट बंद हवा. नळी खिडकीशी उन्हात पडून राहिली की आकडा उगाच कमी येतो. टाच जास्त पिळली तर रक्तपेशी फुटतात, मग नमुना परत मागवावा लागतो आणि आईबाप आमच्यावर चिडतात. टोचण्याआधी टाच कोमट करून घेतली तर पिळायची वेळ कमी येते, हे जरूर सांगून बघा.

सिन्नरकर_बाबा
धन्यवाद सगळ्यांना. संशय गेला. सासूबाईंना तिकोनाची गोष्ट सांगितली, आता त्या सगळ्यांना "मी म्हटलं नव्हतं?" म्हणून सांगत सुटल्या आहेत. लाइट बंद केल्यावर पुन्हा वाढते का?

रिटायर्ड_सिस्टर_नाशिकरोड
थोडी उसळी मारू शकते, म्हणून बंद केल्यावर पुन्हा रक्त बघतात. त्या टोचण्यावर रागावू नका. घरी गेल्यावर बाळ ओढून प्यायलं नाही, लुळं पडलं, मान मागे टाकून किरकिऱ्या आवाजात रडलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. तीन आठवड्यांनंतरही पिवळं दिसलं किंवा शी पांढरट झाली तर तो वेगळा विषय, लगेच दाखवा.

आणि ट्रंकेतली जुनी झबली काढणार असाल तर डांबर गोळ्यांच्या वासाची अजिबात नकोत. जी-सिक्स-पीडी (रक्तपेशी जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्या वाफेनेही फुटतात.