शब्दचर्चा: लवाद, डेमरेज आणि जहाजाची अटक

विद्यार्थिनी, दारव्हा (जि. यवतमाळ):
एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला सागरी लवाद हा विषय घेतला आहे. पुस्तकं इंग्रजी आहेत, पण मराठीत टिपण काढल्याशिवाय विषय माझ्या डोक्यात बसत नाही. काही शब्दांपाशी अडले आहे. घरी सांगितलं की जहाजाचा मालक आणि जहाज भाड्यानं घेणारा व्यापारी यांचं भांडण लवादाकडे जातं, तर बाबांनी विचारलं, ‘‘म्हणजे कलेक्टर ऑफिसात?’’ आमच्याकडे हायवेत वावर गेलेल्या माणसाला हा शब्द माहीत आहे, पण तो असाच माहीत आहे. मग लंडनच्या लवादासाठी हाच शब्द वापरावा का? ‘सीट’ला, म्हणजे लवाद कायद्यानं जिथला मानला जातो त्या जागेला, ‘स्थळ’ म्हणावं का? ‘डेमरेज’ला कोशातलं ‘विलंबशुल्क’ चालेल का? आणि जहाजाला ‘अटक’ होते की त्याची ‘जप्ती’?

वकील, पुसद:
तुमच्या बाबांचं बरोबर आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३जी(५) प्रमाणे मोबदल्याची रक्कम मान्य नसेल तर प्रकरण लवादाकडे जातं, आणि तो लवाद केंद्र सरकार नेमतं. शेतकऱ्याला तो निवडता येत नाही. आपल्याकडे हे काम महसूल खात्याचा मोठा अधिकारी पाहतो, म्हणून कलेक्टर ऑफिस. वर्तमानपत्रात ‘कृष्णा पाणीतंटा लवाद’, ‘गोदावरी पाणीतंटा लवाद’ वाचतो तेही सरकारनं कायद्यानं बसवलेले. आपली वर्धा, वैनगंगा, पैनगंगा गोदावरीच्याच खोऱ्यातल्या, त्यामुळे तोही वापर कानावरचा.

तुमच्या विषयातला लवाद याच्या अगदी उलट आहे. तिथे दोन्ही पक्षांनी भांडणाच्या आधीच, चार्टरपार्टीवर, म्हणजे जहाज भाड्यानं घेण्याच्या करारावर, सह्या करताना, कबूल केलेलं असतं की वाद झाला तर कोर्टात न जाता अमुक पद्धतीनं माणसं नेमू. लंडनमध्ये सागरी लवादांची एक संघटना १९६० पासून आहे. तिच्या रीतीप्रमाणे एक लवाद हा पक्ष नेमतो, एक तो पक्ष, आणि ते दोघं मिळून तिसरा निवडतात. आपल्या १९९६ च्या लवाद अधिनियमातही तिघांचं मंडळ असेल आणि पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल तर हीच पद्धत आहे. सगळा डोलारा संमतीवर उभा आहे. शब्द बदलू नका, कायद्याच्या मराठीत तो पक्का बसला आहे. मात्र टिपणात पहिल्यांदा येईल तिथे ‘पक्षांनी नेमलेला लवाद’ असं पूर्ण लिहा.

एक अडचण राहतेच. माणूसही लवाद, मंडळही लवाद आणि प्रक्रियाही लवाद. मी स्वतः माणसाला ‘लवाद’, तिघांना मिळून ‘लवाद मंडळ’ आणि कामाला ‘लवाद प्रक्रिया’ लिहितो. ‘पंच’ गोड शब्द आहे, पण पंचनाम्यामुळे त्याला साक्षीदाराचा वास लागला आहे.

निवृत्त गुड्स क्लार्क, बडनेरा:
बेटा, डेमरेजला डेमरेजच म्हण. मालधक्क्यावर हमालापासून अडत्यापर्यंत सगळे हाच शब्द वापरतात. फक्त नीट समजून घे. रेल्वेत दोन वेगळे आकार आहेत. ठरलेल्या मोकळ्या वेळात वॅगन रिकामी केली नाही तर डेमरेज. वॅगन रिकामी केली, पण पोती धक्क्यावरच पडून राहिली तर व्हार्फेज. रात्री रेक लागला, पावसानं हमाल आले नाहीत आणि घड्याळ चालूच, अशा वेळी व्यापारी तोंडचं पाणी पळाल्यासारखे धावत यायचे. जहाजाचं मला ठाऊक नाही, पण घड्याळ तिथंही असेलच.

विद्यार्थिनी, दारव्हा:
काका, तिथे सगळं भांडणच घड्याळाचं आहे. माल चढवायला-उतरवायला जी मुदत करारात दिलेली असते तिला ‘लेटाइम’ म्हणतात. जहाज पोहोचलं, तयार आहे अशी नोटीस कप्तानानं दिली, की करारात लिहिल्याप्रमाणे ती मुदत सुरू होते. रविवार, सणाच्या सुट्ट्या, पावसाचे तास धरायचे की वगळायचे हे कलमात असतं, आणि एका स्वल्पविरामावरून लाखोंचा फरक पडतो. मुदत संपली की रोजच्या ठरलेल्या दरानं डेमरेज. त्यानंतर मात्र रविवारही मोजला जातो आणि पाऊसही, करारात स्पष्ट सूट नसेल तर. उलट काम लवकर उरकलं आणि करारात तशी सोय असली, तर मालकच व्यापाऱ्याला पैसे देतो, बहुधा डेमरेजच्या निम्म्या दरानं. त्याला ‘डिस्पॅच’ म्हणतात.

म्हणूनच ‘विलंबशुल्क’ मला पटत नाही. शुल्क म्हटलं की सरकारी फी वाटते. जहाजाचं डेमरेज म्हणजे आधीच आकडा ठरवून ठेवलेली नुकसानभरपाई. आपल्या करार अधिनियमाचं कलम ७४ अशाच ठरीव रकमेबद्दल आहे. ‘डेमरेज’च ठेवते.

अनुवादक, वर्धा:
‘सीट’साठी ‘स्थळ’ किंवा ‘ठिकाण’ नको गं. वाचणाऱ्याला वाटेल, माणसं जिथे बसली ती जागा. घोळ कायद्यातच आहे. १९९६ च्या अधिनियमाच्या कलम २० मध्ये दोन्ही अर्थांना एकच शब्द वापरला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाला २०१२ च्या भारत अ‍ॅल्युमिनियम निकालात ते उलगडून सांगावं लागलं. पोटकलम १ व २ मधली जागा म्हणजे सीट, पोटकलम ३ मधली म्हणजे नुसती बसायची सोय. मी ‘अधिष्ठान’ आणि ‘बैठक’ सुचवते. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं म्हणून राजधानी मुंबईहून हलत नाही, तसं अधिष्ठान लंडन असेल तर साक्षी मुंबईत झाल्या तरी ते लंडनच. निवाडा रद्द करून मागायचा तर इंग्लंडच्या कोर्टात. भारतात त्याच्या अंमलबजावणीला हरकत घेता येते, तीही कलम ४८ मधल्या मोजक्या कारणांवर.

वकील, पुसद:
अधिष्ठान उत्तम, ताई. मीही वापरीन.

जहाजाला ‘अटक’च लिहा. जप्ती म्हटलं की सोसायटीचं कर्ज थकून ट्रॅक्टर ओढून नेलेला डोळ्यांपुढे येतो, म्हणजे देणं ठरून गेल्यावरची वसुली. २०१७ चा नौ-अधिकारितेचा, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा, कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या अटकेत निकालानंतरची वसुलीही येते, पण अटकेचा मुख्य उपयोग निकालाच्या आधीचा, दाव्याला तारण मिळावं म्हणून. दावाही जहाजावरच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या गाजलेल्या निकालात पक्षकार म्हणून नाव आहे ते ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ या जहाजाचं. मुरगावहून निघून गेलेलं ते जहाज विशाखापट्टणमला आल्यावर अटकवलं होतं. मालकानं हमी भरली की जहाज सुटतं, म्हणजे अटक आणि जामीन ही जोडी मराठीत जशीच्या तशी बसते.

विद्यार्थिनी, दारव्हा:
सर, ताई, काका, मनापासून आभार. नमुना कलम करून पाहिलं: ‘या करारातून उद्भवणारा कोणताही वाद पक्षांनी नेमलेल्या तीन लवादांच्या मंडळाकडे नेता येईल. लवादाचं अधिष्ठान मुंबई राहील. बैठका सोयीच्या ठिकाणी घेता येतील.’

वकील, पुसद:
दुसरं, तिसरं वाक्य चांगलं. पहिल्यातलं ‘नेता येईल’ काढा. त्यानं मुभा मिळते, बांधिलकी येत नाही. वाद झाल्यावर समोरचा म्हणेल, नेता येईल म्हटलं होतं, नेऊच असं कुठे म्हटलं? सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये जगदीश चंदर प्रकरणात ‘पक्षांनी तसं ठरवलं तर’ अशा शब्दांच्या कलमाला लवाद करार मानायला नकार दिला होता, कारण त्यात पुन्हा नव्यानं संमती लागत होती. ‘मंडळाकडे सोपवला जाईल व मंडळाचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील’ असं लिहा.