'हवामान बदल' म्हटलं की लोक खोकला सांगतात

तिरफळ: फेब्रुवारीतल्या उन्हाबद्दल लोकांना काय वाटतं, याची प्रश्नावली मराठीत करतेय. 'हवामान बदल जाणवतो का?' यावर देवगडकडचे एक बागायतदार काका म्हणाले, "हो तर, हवा बदलली की मला खोकला होतोच." आणि मग अर्धा तास कैरी सुपारीएवढी झाली की उन्हाने कशी गळते, ते ऐकवलं! दुसरा शब्द सुचवा.

मोरपंखी: सरकारी खात्याचं नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' आहे. तोच घ्या.

कडुनिंब: आमच्याकडे वातावरण तापतं ते निवडणुकीत.

अमरकोशी: 'हवा' अरबी, 'मान' संस्कृत. असली मोट बांधायचीच कशाला? 'ऋतुमान' आहे की.

कडुनिंब: मग श्वास कशाचा घेता? आणि ऋतुमान बदललं म्हटलं तरी काका खोकलाच सांगणार.

मोरपंखी: 'जलवायू'?

अमरकोशी: हिंदी!

कडुनिंब: जल संस्कृत, वायू संस्कृत. तुम्हाला तर आवडायला हवा.

मोरपंखी: आजी म्हणायची, "मुंबईचं हवापाणी मला मानवलं नाही." हवापाणी म्हणजे जलवायूच ना?

तिरफळ: छान आहे, पण त्यात गाव बदलतं, हवा नाही.

पाणचक्की: शब्द सोडा. 'पूर्वी फेब्रुवारीत पहाटे पांघरूण लागायचं, आता लागतं का?' असं विचारा. 1901 पासूनच्या नोंदींत देशाचं फेब्रुवारीतलं सरासरी कमाल तापमान सर्वांत जास्त 2023 मध्ये होतं. लोकांना ते अंगाला कळलंय.

तिरफळ: असं विचारलं तर उत्तर आपणच तोंडात घातल्यासारखं होतं. शिवाय एक फेब्रुवारी म्हणजे हवामान बदल नव्हे, त्याला तीसेक वर्षांची सरासरी बघतात.

वऱ्हाडी ठेचा: मुंबईत 37 ला 'उष्णतेची लाट' म्हणतात म्हणे! आमच्या अकोल्यात 37 ला लग्नं लागतात.

पाणचक्की: किनाऱ्यावर निकष 37 चाच आहे, तोही सरासरीहून निदान 4.5 अंश जास्त असेल तर. तुमच्याकडे 40.

कडुनिंब: मुळात अकोल्यात असतं ते ऊन, मुंबईत उकाडा. घाम वाळला तर उकाडा कसला?

वऱ्हाडी ठेचा: नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत या, मग सांगा वाळतो का ते. कूलरसमोर बसूनही उकडतंच म्हणतो आम्ही.

अमरकोशी: 'कूलर'ला शीतक म्हणावं.

वऱ्हाडी ठेचा: दुकानात मागून बघा.