विषय: मिनियापोलिसच्या (अमेरिका) आपल्या मंडळाच्या जानेवारीतील स्की सहलीसाठी आतले कपडे नागपूरहून आणावेत का?

प्रेषक: ग्रंथालय समिती (सध्या मुक्काम धरमपेठ, नागपूर)

सस्नेह नमस्कार.

शनिवारी पहाटे आमचे विमान आहे, त्यामुळे शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर मिळाले तर बरे होईल. बैठकीत ठरल्याप्रमाणे मुलांसाठी आणि नव्याने आलेल्या तीन कुटुंबांसाठी आतल्या कपड्यांचे १४ जोड मी काल बर्डीच्या बाजारातून घेतले. दुकानदाराने ते ‘थर्मल’ म्हणूनच दिले, आतून मऊ लव आहे आणि किंमत मिनियापोलिसच्या एक तृतीयांशही नाही. घरी येऊन शिवणीतली पट्टी वाचली, तेव्हा कापड शंभर टक्के सुती निघाले. समन्वयक ताईंनी मागच्या वर्षी सुती कपड्यांना मनाई केली होती. ती केवळ जीनपँटपुरती होती की आतल्या कपड्यांनाही लागू आहे?

प्रेषक: सहल समन्वयक (मिनियापोलिस)

मनाई आतल्या कपड्यांसाठीच अधिक आहे. आपल्या क्रॉस-कंट्री प्रकारच्या स्कीमध्ये काठ्या रोवत, हातापायांच्या बळावर शरीर पुढे ढकलत चढ चढायचे असतात, त्यामुळे उणे १२ अंशांतही दहा मिनिटांत पाठीवर घाम येतो. अंगालगतचा थर मेरिनो (मेंढीच्या मऊ, तलम) लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, अंगासरशी बसणारा असावा. त्यावर पातळ लोकरी किंवा फ्लीसचा (लवदार कृत्रिम कापडाचा) थर, आणि सर्वांत वर वारा अडवणारे पण घामाची वाफ बाहेर जाऊ देणारे हलके जाकीट. पिसांचे जाडजूड जाकीट पाठपिशवीत ठेवावे आणि थांबल्यावरच बाहेर काढून अंगावर चढवावे. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. गाडीपाशी उभे असतानाच ऊब वाटत असेल, तर एक थर जास्त झाला असे समजावे.

सहलीच्या कपड्यांची यादी समन्वयकाकडून जाते, हा आपला शिरस्ता आहे. खरेदीपूर्वी एक निरोप आला असता तर हा घोळ टळला असता.

प्रेषक: पहिल्या कार्यकारिणीतील एक सदस्य (आता कायमचा मुक्काम महाल, नागपूर)

सुताविषयी इतक्या सहजपणे निकाल देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये माझे वडील आयुष्यभर होते, आणि विदर्भाच्या कापसावर आमच्यासारखी किती घरे उभी राहिली हे आपल्या मंडळातल्या अनेकांना ठाऊक आहे. मी मिनियापोलिसला २५ हिवाळे सुती बंडीवर लोकरी स्वेटर घालून काढले आणि बसथांब्यावर उभे राहून कधी गारठलो नाही. इथे २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हाही अंगात तीच बंडी होती. ज्या कापडाने आपल्याला इतकी वर्षे सांभाळले, त्याला एका वाक्यात बाद ठरवणे मला पटत नाही.

प्रेषक: क्रीडा विभाग (मिनियापोलिस)

काकाजी, सादर नमस्कार. आपला अनुभव खराच आहे, परंतु बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला घाम येत नाही, आणि कोरडे सूत ऊब देते याबद्दल कोणाचाच वाद नाही.

मे महिन्यात आपल्याकडे कूलर लावतो, तेव्हा ओल्या ताटीतून जाणारी हवा पाणी उडवून नेते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्याच हवेतून घेतली जाते, म्हणून खोली थंड होते. अंगावरच्या घामाचेही तेच. एक लिटर घाम सुकताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सूत घाम टिपते आणि धरून ठेवते. नागपूरच्या उन्हाळ्यात हाच त्याचा मोठा गुण आहे, पण बर्फात तीच ओली बंडी छातीवर बांधलेला कूलर होते. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा धाग्याच्या आत सामावून घेते आणि तरीही त्वचेला ओली लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी तळ्याकाठी एकाचा बूट स्कीच्या पकडीतून निघाला आणि आपण २० मिनिटे थांबलो, ते सर्वांना आठवत असेल. त्या दिवशी मी आत सुती बनियन घातली होती. चढावर ती पाठीला चिकटली, थांबताच बर्फाच्या लादीसारखी गार पडली, आणि शेवटी मला काठीचा पट्टासुद्धा मनगटातून सोडवता येईना. हवा उणे १० अंश असताना ताशी २० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला ते उणे १८ जाणवते, आणि उतारावर तो वारा आपण स्वतःच निर्माण करतो.

जाळीची बनियन मात्र स्कीवरही चालते! नॉर्वेच्या हेन्रिक ब्रून यांनी १९३३ साली मासेमारीच्या जाळ्यावरून ती तयार केली. आता ती लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची मिळते. जाळीच्या भोकांतली हवा ऊब धरते आणि घामाला बाहेरची वाट मिळते.

प्रेषक: महिला मंडळ

लोकरीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझे आजोळ धनगरांच्या वस्तीजवळ होते. आषाढात घोंगडी भिजून जड झाली तरी मेंढपाळ ती अंगावरून काढत नसत, कारण आत ऊब टिकून असे. ती लोकर जाडीभरडी असते, अंगालगत मुलांना टोचेल. पण लोकरीचा गुण आपल्या माणसांना नवा नाही.

शिवाय मुलांना बोटांचे हातमोजे देऊ नयेत, चार बोटे एकत्र राहतील असेच द्यावेत.

प्रेषक: ग्रंथालय समिती (नागपूर)

सर्वांचे आभार. न विचारता खरेदी केली ही माझी चूक झाली.

काल रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन बनियन तोलल्या. सुती १५० ग्रॅम होती आणि मुलाची धावण्याची पॉलिएस्टरची १२०. दोन्ही भिजवून सारख्याच जोराने पिळल्या, तर सुती २९० भरली आणि दुसरी १६५. गॅलरीतल्या दोरीवर टाकल्या. जेवणे आटोपेपर्यंत पॉलिएस्टरची कोरडी झाली होती, आणि सुतीच्या काखेतली शिवण सकाळी सहालाही हाताला ओली लागत होती. त्यानंतर मला शंका उरली नाही.

दुकानदार आठ जोड बदलून पॉलिएस्टरचे द्यायला तयार आहे. उरलेले सहा मी तरीही आणते. ते स्कीवर घालायचे नाहीत. पिशवीत कोरडे ठेवायचे आणि परत आल्यावर गाडीपाशी घामट कपडे उतरवून घालायचे. ताई, याला आपली संमती असेल तर कळवावे.

प्रेषक: सहल समन्वयक

संमती आहे. यादीत ‘परतीचा कोरडा जोड’ अशी ओळ आजच वाढवते. बदलून घेताना बाही मनगटापर्यंत आणि बनियन कमरेखाली खोचता येईल एवढी लांब आहे ना, हे पाहावे. वाकल्यावर पाठ उघडी पडते.

प्रेषक: पहिल्या कार्यकारिणीतील एक सदस्य (महाल, नागपूर)

कूलरचे उदाहरण पटले. बर्डीवरचा तो दुकानदार माझ्या ओळखीचा निघेल असे वाटते. शुक्रवारी अकरा वाजता मी सोबत येतो. चौदाही जोडांच्या पट्ट्या तिथेच वाचून घेऊ.